गैरहजर माणसाची खुर्ची

हेल्वर्ग गावची शाळा एवढीशी, पहिलीपासून बारावीपर्यंत मिळून सत्तेचाळीस मुलं. पण शाळा चालवायला मंडळ मात्र पाच जणांचं, गावानंच मतं देऊन निवडलेलं. आणि त्या मंडळाची अध्यक्ष एकोणीस वर्षं एकच, लव्हॉन.

आता तुम्ही म्हणाल, बाई हुशार असेल, लोकप्रिय असेल. छे! बाई त्या दिवशी गैरहजर होती, एवढंच.

तिकडची रीतच तशी. दर जुलैत शाळेच्या वाचनालयात मंडळाची बैठक भरते आणि अध्यक्ष निवडतात. हजर असलेला माणूस "मला नको" म्हणू शकतो. गैरहजर काय म्हणणार? आणि सगळेच हजर असले, तर जुनाच अध्यक्ष पुढे चालू. लव्हॉनचं पित्ताशय काढलं त्या संध्याकाळी इकडे चौघांनी हात वर केले. शुद्धीवर आली तेव्हा नर्स उशाशी उभी. "कसं वाटतंय?" विचारायचं सोडून म्हणाली, "अध्यक्षबाई, आमच्या फाट्यावर शाळेची बस कधी थांबणार?"

त्यानंतर जुलैची बैठक चुकवायची कुणाची छाती झाली नाही. एकदा लिंबाएवढ्या गारा पडत होत्या, तर मंडळातला जेरोल्ड डोक्यावर घंगाळ पालथं घालून आला. डिलाइट म्हणजे गावची पोस्टमास्तरीण. ती तापानं इतकी फणफणलेली आली, की कपाळावर अंडं फोडलं असतं तर ऑम्लेट झालं असतं. व्हर्नचा पाय मोडला होता. त्याला गव्हाच्या कापणीयंत्रावर दोरीनं बांधून आणला आणि यंत्र थेट वाचनालयाच्या खिडकीशी लावलं. खिडकीतूनच त्यानं हात वर केला. खोटं वाटत असेल तर जाऊन खिडकीची चौकट बघा, अजून वाकडी आहे.

आणि लव्हॉन? ती झिजत चालली होती. एकाहत्तर वर्षांची बाई. बर्फ पडलं की पहाटे साडेचारला हेडमास्तर फोन करून विचारणार, "शाळा भरवायची की नाही?" भरवली तर अर्ध्या आया ओरडणार, नाही भरवली तर उरलेल्या अर्ध्या. दाताच्या डॉक्टरानं तोंडात दोन बोटं घालून विचारलं, फुटबॉलच्या मास्तराला काढणार का म्हणून. चर्चमध्ये प्रार्थनेला मान खाली घातली की मागून कुजबुज, "दूध पातळ असतं हो शाळेतलं." आणि आता पुढच्या वर्षी शेजारच्या गावाच्या शाळेत आपले वरचे वर्ग मिसळायचे, हे घराघरात जाऊन तिलाच सांगायचं होतं. ते सांगायचं बळ आपल्यात नाही, हे तिला ठाऊक होतं. खुर्चीतून सुटायचं होतं. पण एक जणही गैरहजर राहील तर शपथ.

त्या जुलैत सात वाजले. बाहेर लख्ख ऊन. वाचनालयात लहान पोरांच्या खुर्च्यांवर चौघं गुडघे हनुवटीला लावून बसलेली. पाचवी खुर्ची रिकामी.

"ऑर्लिन कुठाय?" डिलाइट म्हणाली.

ऑर्लिन म्हणजे मधमाश्या पाळणारा. वर्षाला दहा वाक्यं बोलणारा माणूस, पण घड्याळ त्याच्यावरून लावावं इतका वेळेचा पक्का.

व्हर्नचे डोळे लकाकले. "सात वाजून दोन मिनिटं. मी ऑर्लिनचं नाव सुचवतो."

"अरे, थांब की जरा!" लव्हॉननं फोन लावला. वाजत राहिला. "शिडीवरून पडला असेल बिचारा. पंधरा मिनिटं थांबू."

"तुझ्या वेळी थांबलो होतो का?" जेरोल्ड म्हणाला.

"नव्हता थांबलात. म्हणूनच म्हणते."

पंधरा मिनिटांत कॉफी गार झाली. लव्हॉन दाराकडे बघत होती आणि मनात देवाला सांगत होती, येऊ दे त्याला. लगेच दुसरं मन म्हणायचं, नको येऊ देऊ. पडलेल्या माणसाच्या पाठीवर ओझं ठेवायचं, आपल्यावर ठेवलं तसंच? तिची तिलाच लाज वाटली. पण बाई थकली होती हो. थकलेल्या माणसाची लाजसुद्धा लवकर थकते.

"कोण बाजूनं आहे?" तिनं विचारलं. तीन हात पटकन वर गेले. चौथा, तिचा, हळूहळू.

शाळेच्या किल्ल्यांचा जुडगा घेऊन ती थेट ऑर्लिनच्या शेतावर गेली, त्याला दवाखान्यात न्यायला गाडीची मागची सीट रिकामी करून. तर हा पायरीवर बसलेला! अंघोळ केलेली, केस विंचरलेले, हात-पाय शाबूत.

"किती मतं?" त्यानं विचारलं.

"चार."

"तुझं धरून?"

"माझं धरून. मेल्या, मला वाटलं तू मेलास!"

"म्हणजे मेलेल्यालासुद्धा मत दिलंस. शाबास."

"फोन का नाही उचललास?"

"उचलला असता तर हजर धरलं असतं तुम्ही."

ती त्याच्या शेजारी धपकन बसली. "ऑर्लिन, मुद्दाम?"

त्यानं बोटं मोडली. म्हणाला, "मे महिन्यात किराणा दुकानासमोर गाडीत वाकून लपली होतीस. आत कोण होतं कोण जाणे. अर्धा तास. पिशवीतलं आइस्क्रीम वितळून दाराखालून ओघळत होतं. मी समोरच होतो."

लव्हॉननं कपाळावर हात मारून घेतला.

"मग सरळ हात वर करून सांगायचंस ना, मला द्या म्हणून!"

"वेडी का तू? या गावात?" तो खरंच दचकला. "खुर्ची मागणारा माणूस! एखादी म्हातारीसुद्धा विचारेल, याला काय खायचंय शाळेत? वर्गमिसळीचं माझं कोण ऐकेल मग? आता कसं, मी बिचारा. माझ्यावर लादलीय. बिचाऱ्याचं ऐकतात लोक."

एकोणीस वर्षं बिचारी असूनही आपलं कुणी ऐकलं नाही, हे तिच्या ओठावर आलं होतं. पण तिनं गिळलं. त्याला कळेलच खुर्चीत बसल्यावर.

"तुला झेपेल?" एवढंच तिनं विचारलं.

"नाही. तुला झेपत होतं?"

"नाही."

तिनं जुडगा त्याच्या मांडीवर ठेवला. ऑर्लिननं आतून रुबार्बच्या आंबट देठांचा केक आणला. तेवढ्यात खडीच्या रस्त्यावर धूळ उठली. कुणाची तरी गाडी येत होती, घाईत. नव्या अध्यक्षाची बातमी पोचली होती.

लव्हॉन सवयीनं उठायला लागली, सावरायला पदर नव्हता म्हणून केस सारखे करत.

"बस तू," ऑर्लिन म्हणाला. उसासा टाकून तोच उठला आणि फाटकाकडे चालू लागला, पाय ओढत, जणू आत्ताच दहा वर्षांनी म्हातारा झाला होता.

गाडी कुणाची, हे बघायला लव्हॉननं मान वर केली नाही. केक खाल्ला, पूर्ण.