डब्याची जीभ

डब्यांच्या कारखान्यात साचे आखणाऱ्या बाईंना त्या दिवशी एकच गोष्ट मंजूर करून घ्यायची होती: झाकणाच्या कडेला बोटभर जीभ. धरायची, ओढायची, डबा उघडला. संध्याकाळी नकाशा साचेवाल्याकडे जाणार होता, आणि एकदा साच्याचं पोलाद कापलं की तीन वर्षं बदल नाही.

बाईंच्या आईची बोटं संधिवाताने वाकडी झाली होती. दिवसभर घरात एकटी असताना तिला लेकीच्याच कारखान्याचा डबा उघडत नसे, याची बाईंना मनापासून लाज वाटे. जीभ असलेला नमुन्याचा डबा मात्र तिने एका बोटाने उघडला होता.

पण सकाळीच मालकांनी एक सल्लागार आणून बसवला. "आधी दृष्टी, मग धोरण, मग वस्तू," असं त्याने फळ्यावर लिहिलं, आणि जेवणाच्या सुट्टीपर्यंत दृष्टीच सापडेना.

"आपण डबे विकत नाही," तो म्हणाला. मालकांनी मान डोलावली. मग इतकी वर्षं आपण काय विकत होतो, असा प्रश्न विक्रीच्या साहेबांना पडला असावा, पण बढती तोंडावर आली होती, म्हणून तेही डोलले.

चार वाजता दृष्टी अवतरली: 'उघडा आनंदाचं दार.' आधी तिथे 'सुखाचं' होतं, पण सुख जुनाट वाटतं म्हणून बाद झालं.

"हे झाकणावरच हवं!" मालक म्हणाले. "कडेकडेने, गोल, ठसठशीत."

"साहेब, कडेला जीभ आहे. दोन्ही नाही मावणार."

"बाई, डब्याला जीभ कशाला?" सल्लागार म्हणाला. "बोलायचं ते वाक्य बोलेल की!"

सगळे खो खो हसले. बाई जीव तोडून सांगू लागल्या, "उघडत नाही म्हणून लोक डबे परत आणतात हो. माझी आई..."

"आई हा आपला ग्राहकवर्ग नाही," सल्लागार म्हणाला.

धोरण असं एका वाक्यात उरकलं. नकाशावरची जीभ बाईंनाच खोडावी लागली, कारण सही त्यांची लागत होती. बाईंना सल्लागाराचा राग आला, आणि त्याहून जास्त स्वतःचा.

नवे डबे तयार झाले तेव्हा त्यांनी एक घरी नेला. आईने चष्मा लावला आणि डबा हळूहळू फिरवत अख्खं वाक्य वाचलं.

"छान लिहिलंय गं," ती म्हणाली. मग तिने डबा लेकीपुढे सरकवला. "आता उघडून दे. आणि कामाला जाताना झाकण लावू नकोस."