बदलीत आलेला पाहुणा

बैल विकणारा बैलाचं कौतुक जरा जास्तच करू लागला, की गिऱ्हाइकानं आधी खूर तपासावेत. हॉकीच्या मैदानावर केस पिकवलेल्या प्रशिक्षक ताईंना हे कुणी शिकवायला नको होतं. दुसऱ्या क्लबानं त्यांचा भरवशाचा बचावपटू, सगळ्यांचा लाडका ‘खांब’, नेला आणि बदल्यात नुकतं मिसरूड फुटलेला हा पोरगा दिला. वर “हिरा आहे, सांभाळा!” असं पुन्हा पुन्हा बजावलं. हिरा कुणी असा हसत हसत देतं होय?

संघानं त्याचं नाव ‘पाहुणा’ ठेवलं. आज ना उद्या जाणारच, या हिशेबानं. पटला नाही तर आज संध्याकाळपर्यंत परत पाठवायची मुभा होती, आणि आजच्या सरावातही पाहुण्यानं रोजचाच घोळ घातला. चेंडू सुरेख अडवला, मान वर केली, क्षणभर थबकला आणि जिथे चिटपाखरू नव्हतं तिथे पास दिला.

“गुडघा दुखावलेला असणार,” ताई पुटपुटल्या आणि घाम टिपायला डोक्यावरची टोपी मागे सरकवली.

“गुडघा माझ्या हाताखालून गेलाय. लोखंड आहे,” मालिशवाले काका म्हणाले. “डोळे बघा.”

“डोळे कालच तपासून आणले.”

“मग नियत तपासा.”

हे मात्र ताईंच्या मनात रुतलं. तेवढ्यात क्लबच्या चिटणिसांचा फोन आला. मैदानावर नीट ऐकू येईना, म्हणून त्या सामानाच्या खोलीमागे गेल्या.

“ठेवायचा की धाडायचा, ताई?”

“थांबा जरा.”

भिंतीपलीकडून आवाज येत होता. टक, टक, टक. मध्ये थबकणं नाही. मग गोलच्या फळीवर धाडकन चेंडू आदळला आणि पोरं ओरडली, “अरे वा, पाहुण्या!” ताई टोपी सावरत कोपऱ्यावरून डोकावल्या. पाहुण्यानं त्यांना पाहिलं. पुढचाच पास पुन्हा वाऱ्यावर.

म्हणजे मी दिसले की हा बिघडतो! मुद्दाम. परत जायचंय लेकाला. ताईंचं डोकं तापलं. त्यांनी त्याला बाजूला घेतलं.

“माझ्याशी काय वैर आहे रे तुझं?”

“नाही हो ताई.” तो गोंधळला. “तुम्ही सांगता तिकडेच देतो की मी.”

“मी? मी कधी सांगितलं?”

“टोपीनं…”

तिकडच्या सरांची ती रीत होती. टोपी मागे सरकवली की पास मागे, तिरकी केली की डावीकडे, काढली की थेट गोलवर. खूण न बघता खेळला, तो पुढच्या सामन्याला बाकावर. इथे कुणी वेगळ्या खुणा शिकवल्या नाहीत, तेव्हा त्याच असतील असं त्यानं धरलं होतं.

काका खो-खो हसले. “ताई, दिवसभर टोपीशी चाळा तुमचा! बिचाऱ्याचा भोवरा केलात की.”

ताईंना हसू आलं नाही. गोष्ट फार गोड होती, आणि गोडाला मुंग्या लागतातच. विचार करता करता त्यांनी टोपी काढली. तसा पाहुण्याचा हात नकळत स्टिकवर आवळला गेला आणि मान गोलकडे वळली. असं सोंग कुणाला आणता येत नाही.

त्यांनी टोपी काकांच्या पिशवीत कोंबली. “जा, खेळ. मी पाठ करून उभी राहते.”

टक, टक. मग गलका. “तिकडे कोण होतं रे तुझं?” कुणीतरी खेकसलं. चेंडू थेट समोरच्या संघातल्या पोराच्या स्टिकवर गेला होता. पण लगेच पाहुण्याचाच आवाज आला, इतक्या दिवसांत पहिल्यांदाच मोठ्यानं, “चुकलं माझं! परत दे!”

फोन वाजला.

“ठेवतोय त्याला,” ताई म्हणाल्या.

“खात्री आहे?”

“नाही. पण आत्ताची चूक तरी त्याची स्वतःची होती. तिच्यावर मला काम करता येईल.”

फोन ठेवला. हात सवयीनं टोपीकडे गेला, नुसत्या केसांवरून फिरला आणि खाली आला. वळायचा मोह अनावर होत होता.

“काका, इकडे बघतोय का तो?”

काकांनी मान उंचावली. “बघत होता. आता नाही.”