रविवारच्या श्रमदानाचा फळा

मित्रांनो, मी एक जुना फळा आहे. शाळेतला नव्हे, गावातला. येरमाळ्याहून दोन कोसांवर आमचं गाव आहे. तिथं ग्रामपंचायतीच्या भिंतीला, एसटीच्या थांब्यासमोर मी टांगलेला आहे. माझा एक कोपरा उडालाय, चौकटीला वाळवी लागलीय आणि डोक्यावरचा पत्रा वारा सुटला की नुसता आरडाओरडा करतो. पण हसू नका. एके काळी या गावात माझ्या शब्दाला सरपंचापेक्षा जास्त वजन होतं.

गावच्या सुतारानं सागवानी फळ्या जोडून मला बनवलं. कोळशाची पूड आणि माक्याच्या पाल्याचा रस घोटून मला काळंभोर केलं. दत्तोपंत गुरुजी तेव्हा नुकतेच इथल्या शाळेवर आले होते. त्यांचं अक्षर इतकं टपोरं आणि सरळ की म्हातारी माणसंही चष्म्याशिवाय वाचत. रोज सकाळी आंघोळ आटोपून ते यायचे, ओल्या फडक्यानं मला पुसायचे आणि लिहायला लागायचे. रॉकेल कधी मिळणार, लाइट कधी जाणार, येडेश्वरीच्या यात्रेला जादा गाड्या किती वाजता सुटणार, दहावीला कोण पास झालं, सगळं माझ्यावर. एकदा त्यांनी रेडिओवर ऐकून ‘उद्या पाऊस’ असं लिहिलं आणि पडलं कडकडीत ऊन. लोक आठवडाभर पावसाला नावं ठेवत होते, मला मात्र कुणी काही बोललं नाही. किल्लारीचा भूकंप झाला त्या सकाळी गुरुजींनी तीनच ओळी लिहिल्या आणि दुपारपर्यंत टेम्पोभर भाकरी जमल्या. कुठं भांडण लागलं की लोक म्हणायचे, "फळ्यावर लिवलंय की! मग कशाला वाद घालताव?" आणि वाद मिटायचा. मला याचा फार अभिमान वाटायचा.

गावात आणखी एक रीत होती. कुणी गेलं की त्याचं नाव माझ्यावर लागायचं. नाव, वय, माती किती वाजता, आणि शेवटी ‘शोकाकुल: समस्त ग्रामस्थ’. माणूस देवळाच्या आळीतला असो की बुद्धविहाराच्या, ही ओळ चुकायची नाही. पुढं मोबाइल आले, गावाचा ग्रुप निघाला, आणि माझ्याकडं ढुंकून बघणारे कमी झाले. तरी मयताचं नाव माझ्यावर लागल्याशिवाय गावाला चैन पडत नसे. गुरुजी निवृत्त झाले, गुडघ्यानं अधू झाले, पण खडू त्यांनी सोडला नाही.

आता कर्नलसाहेबांचं सांगतो. कृष्णराज हे आमच्याच गावचे. फौजेत मोठे अधिकारी होऊन, छातीवर पदकं लावून ते निवृत्त झाले आणि गावी परतले. उघड्या जीपमधून त्यांची मिरवणूक निघाली. गुरुजींनी त्या दिवशी मला दोनदा पुसलं आणि रंगीत खडूनं लिहिलं, ‘गावाच्या सुपुत्राचे स्वागत’. साहेबांनी गावाबाहेरच्या माळावर भरतीपूर्व प्रशिक्षण केंद्र काढलं. फी नाही, काही नाही. पहाटे पाचला त्यांची शिट्टी वाजायची आणि आसपासच्या पाच गावांतली मुलंमुली धावायला लागायची. त्यातली चाळीसेक पोलिसांत आणि फौजेत लागली. मित्रांनो, हे खरंच घडलं होतं, ते मी नाकारणार नाही. लोक साहेबांच्या पाया पडायचे. जमिनीच्या तंट्यापासून सोयरिकीपर्यंत सगळे त्यांना विचारायचे. साहेबांनी एकदा सांगितलं की पुढं कुणी ब्र काढत नसे.

त्या केंद्रात गौरी होती. बुद्धविहाराच्या आळीतल्या आबाराव आणि भीमाबाई यांची एकुलती एक लेक, वय वर्षं वीस. आबाराव तलावावर चौकीदार, भीमाबाई दुसऱ्यांच्या रानात खुरपायला जायची. गौरीला पोलीस व्हायचं होतं. धावून परत येताना ती माझ्यासमोर धापा टाकत थांबायची आणि गुरुजींच्या लिहिण्यात एखादी चूक सापडते का ते बघायची. एकदा सापडली. गुरुजी इतके खूश झाले की त्यांनी खिशातला पेन तिला देऊन टाकला.

सहा वर्षांपूर्वी, माघ महिन्यातल्या एका गुरुवारी, ती धावायला गेली आणि परत आली नाही. आबाराव तालुक्याच्या ठाण्यात तक्रार द्यायला निघाला. एसटीची वाट बघत तो माझ्याच खाली उभा होता, तेवढ्यात साहेबांची गाडी थांबली. साहेब म्हणाले, "आबाराव, कशाला पोरीची अब्रू चव्हाट्यावर मांडतोस? मी चौकशी केली आहे. ती पुण्याला गेली, एका मुलाबरोबर. ठाण्यात मी बोलतो." आबारावानं हात जोडले. मागून एसटी आली, दार उघडलं, पण तो चढला नाही. गाडी धुरळा उडवत निघून गेली. संध्याकाळपर्यंत गावभर झालं की गौरी पळून गेली.

दुसऱ्या दिवशी, शुक्रवारी, साहेब गुरुजींकडं आले. माळावर एक जुनी, कोरडी, पडकी विहीर होती. पोरं धावताना तिच्यात पडतील, ती बुजवून धावपट्टी रुंद करू, असं ते म्हणाले. शहाण्या माणसाला पटावं असंच ते बोलणं होतं. गुरुजींनी खडू घेतला आणि लिहिलं: ‘रविवारी सकाळी सात वाजता श्रमदान. माळावरची विहीर बुजवणे. घरटी एक माणूस, टोपले-फावडे घेऊन यावे.’

आमच्या भागात श्रमदान म्हटलं की गाव मागं राहत नाही. दुष्काळात याच माणसांनी डोंगरावर चर खणले होते. त्या रविवारी अख्खं गाव माळावर होतं. हलगी वाजत होती, बाया चहा देत होत्या. साहेबांनी गौरीची चौकशी केली, या उपकारापोटी आबारावही गेला आणि पहिल्या रांगेत उभा राहिला. विहिरीचा तळ काट्याकुट्यांनी आणि पाचोळ्यानं झाकलेला होता. दुपारी बारापर्यंत ती काठोकाठ भरली. संध्याकाळी गुरुजींनी माझ्यावर सगळ्यांचे आभार मानले. पुढं पाच वर्षं त्या जागेवरून पोरं धावत राहिली.

गेल्या वर्षी मोनिका नावाची मुलगी गावी आली. तीही साहेबांच्याच हाताखाली शिकलेली, आता दुसऱ्या जिल्ह्यात पोलीस शिपाई झालेली. इतकी वर्षं भीतीनं गिळून ठेवलेली गोष्ट तिनं लेखी दिली. केंद्रात साहेबांनी तिच्या अंगावर हात टाकला होता. गौरीनं ते पाहिलं होतं. गौरी त्यांना तोंडावर म्हणाली होती, की मी ठाण्यात सांगणार. तो गुरुवार होता. त्यानंतर गौरीला कुणी पाहिलं नाही.

पोलिसांची जीप साहेबांना घेऊन गेली तेव्हा माझ्यावर काय लिहिलेलं होतं माहीत आहे? साहेबांच्या नागरी सत्काराची तारीख.

गाव पेटून उठलं. ते साहेबांवर नव्हे, मोनिकावर. "ज्या ताटात खाल्लं त्यातच थुकली!" असं सरपंच गुरुप्रसाद माझ्यासमोर ओरडून म्हणाले. ट्रॅक्टर भरभरून माणसं तालुक्याला मोर्चाला गेली. गुरुजींनी लिहिलं, ‘खोट्या आरोपाच्या निषेधार्थ उद्या गाव बंद.’ मोनिकाच्या आईला गिरणीत कुणी दळण दळून देईना. मी रोज ही माणसं बघत होतो आणि मला कळत होतं की हा राग नुसता साहेबांच्या प्रेमाचा नव्हता. मोनिका खरं बोलत असेल, तर त्या रविवारी आपण काय केलं? हा प्रश्न ज्याच्या त्याच्या घशात अडकला होता, म्हणून आवाज एवढा चढला होता. फक्त भीमाबाई रोज मोनिकाच्या ओट्यावर जाऊन बसायची.

जेसीबी आला. तीन दिवस मुरूम उपसला. तिसऱ्या दिवशी एक बूट निघाला. त्याला गोधडीच्या दोऱ्यानं घातलेले टाके होते. भीमाबाईनं ते टाके ओळखले, कारण तिनंच ते घातले होते. बुटाच्या जवळच बाकीचं सापडलं. ते मी सांगत नाही, तुम्ही लहान आहात.

दोन दिवस गावात चूल पेटल्याचा धूर नीट दिसला नाही. मग सगळे एकदम बोलायला लागले. ज्यांनी मोर्चा काढला होता तेच म्हणाले, "आमाला तर आधीपास्नंच डाऊट हुता." स्वागताच्या कमानीवरच्या साहेबांच्या नावाला डांबर फासलं. फोटोला चपलांची माळ घातली. टीव्हीवाले आले, त्यांच्यापुढं पुन्हा एकदा घातली. कुणी कुणी येऊन माझ्यावर साहेबांना शिव्या लिहून जाऊ लागलं. एके काळी जिथं ‘सुपुत्र’ लिहिलं होतं तिथंच आता ‘राक्षस’ लिहिलं जात होतं. दोन्ही वेळा नाव साहेबांचंच होतं. गौरीचं नाव कुणी लिहिलं नाही.

भीमाबाई सरपंचांकडं गेली. म्हणाली, "भाऊ, गावात कुनी गेलं की फळ्यावर लिवत्यात. माज्या लेकीचं लिवा."

गुरुप्रसाद खाली बघत म्हणाले, "मावशी, रिपोर्ट येऊ द्या. सरकारी काम हाय. ठरल्याबिगर कसं लिवावं?"

रिपोर्ट यायला चार महिने लागले. आला, गौरीचाच होता. अस्थी मिळाल्या, माती झाली, जलदान विधीची तारीख ठरली. तरी मी तसाच. गुरुजींनी तर बूट सापडल्यापासून खडूला हात लावला नव्हता. रस्त्यानं जाताना ते माझ्याकडं पाठ करून जायचे. मला त्यांचं वाईट वाटायचं आणि रागही यायचा.

मग एका बाजारच्या दिवशी, सकाळी दहाच्या सुमारास, भीमाबाई गुरुजींना माझ्यासमोर घेऊन आली. थांब्यावर गर्दी होती.

"गुरुजी, तुमीच लिवा," ती म्हणाली.

"भीमाबाई, हात उचलत नाही हो. याच हातानं मी ते श्रमदानाचं..."

"व्हय. म्हनूनच."

गुरुजींनी मला पुसलं. सवयीनं आधी ‘कै.’ लिहिलं, मग बुद्धविहाराच्या आळीची रीत आठवून ते पुसलं आणि लिहिलं, ‘कालकथित गौरी आबाराव, वय २०, यांचे दुःखद निधन.’

"काय लिवलं ते वाचा," भीमाबाई म्हणाली. गुरुजींनी वाचलं.

"निधन म्हाताऱ्या मानसाचं हुतं, गुरुजी. तिला मारलं."

गुरुजींनी ‘निधन’ पुसून ‘हत्या’ लिहिलं. आणि खाली, चाळीस वर्षांच्या सवयीनं, ‘शोकाकुल: समस्त ग्रामस्थ’. तेही तिला वाचून दाखवलं.

"हे पुसा," ती म्हणाली. आवाज चढवला नाही. "गाव कवा रडलं? गाव हलगी लावून इहीर बुजवत हुतं."

  गुरुजींनी ती ओळ पुसली आणि तिथं लिहिलं, ‘हिच्यावर माती टाकणारे’. त्याखाली स्वतःचं पूर्ण नाव.

"गुरुजी, ह्ये काय चालवलंय?" गुरुप्रसाद पुढं झाले. "टीव्हीवाले येत्यात. गावाची किती नाचक्की हुईल!"

त्यांना बाजूला सारून एक माणूस पुढं आला. आबाराव. विहीर उकरल्यापासून तो कुणाशी बोललेला नव्हता. त्यानं गुरुजींच्या हातातला खडू घेतला. प्रौढ शिक्षणाच्या वर्गात शिकलेलं त्याचं अक्षर, मोठं आणि वाकडं. गुरुजींच्या नावाखाली त्यानं आपलं नाव लिहिलं, एकेक अक्षर दाबून. मग भीमाबाईकडं वळून म्हणाला, "म्या पयल्या रांगेत हुतो गं." आणि तिथंच खाली बसला. भीमाबाईनं त्याच्या पाठीवर हात ठेवला. मित्रांनो, मी लाकूड आहे, मला रडता येत नाही. त्या दिवशी यावं असं वाटलं.

खडू बराच वेळ माझ्या चौकटीवर पडून होता. मग चहावाल्यानं उचलला. त्याच्यानंतर हलगीवाल्यानं. लिहून झालं की जो तो भीमाबाईपुढं उभा राहून आपलं नाव सांगायचा. ती ऐकून घ्यायची. ‘असू द्या’ असं ती कुणालाच म्हणाली नाही. दुपारपर्यंत माझ्यावर बोटभर जागा उरली नाही. शेवटी चौकटीच्या लाकडावर, अगदी बारीक अक्षरात, गुरुप्रसादांनी आपलं नाव लिहिलं. साहेबांचं नाव माझ्यावर त्या दिवशी कुठंच नव्हतं.

गर्दी पांगल्यावर भीमाबाईनं पदराच्या गाठीतून एक घडी केलेला कागद काढला आणि गुरुजींना दाखवला. पोलीस भरतीचं प्रवेशपत्र होतं, गौरीच्या फोटोचं. मैदानी चाचणी त्या गुरुवारनंतर पाचव्या दिवशी होती.

"पळून जानारी पोरगी ह्ये घरी ठिवून जाती व्हय, गुरुजी?" ती म्हणाली. "म्या चार दिस ह्यो कागद हातात धरून दारात बसले हुते. कुनी इचारायला आलं की दाखवावं म्हनून. कुनी आलंच न्हाय."

मित्रांनो, मी जुना झालोय. आता मला उतरवून तिथं काचेचा फलक लावायचं चाललं आहे, त्याचं मला दुःख नाही. माझी एवढीच विनंती आहे. फळ्यावर असो, मोबाइलवर असो, मोठ्या माणसानं कुणाबद्दल काही सांगितलं आणि सगळं गाव मान हलवू लागलं, की तुम्ही एक काम करा. ज्याच्याबद्दल सांगितलंय त्याच्या घरी जा. फार लांब नसतं. माझ्यापासून भीमाबाईचं दार मोजून साठ पावलांवर आहे.