सहा किलोची वाट

ठमी पाच महिन्यांची झाली तरी काटा साडेचार किलोपुढे हलत नव्हता. चार घोट दूध प्यायली की कपाळावर घाम यायचा, धाप लागायची आणि ती तोंडातलं तसंच ठेवून झोपायची. हृदयाला भोक असल्याचं जन्मल्यावर महिन्याभरातच कळलं होतं.

तिचा बाप बस चालवायचा, आई घरी शिवणकाम करायची. प्रत्येक वेळी दूध किती गेलं, हे आई वहीत लिहून ठेवायची.

"सहा किलोची होऊ द्या, मग बघू," बाप डॉक्टरीणबाईंना म्हणाला. "एवढ्याशा जिवाची छाती उघडायची म्हणजे..."

"आधी मीच तसं म्हणाले होते." डॉक्टरीणबाईंनी वही चाळली. "पण पोटात जातं ते सगळं श्वास घेण्यातच संपतंय. भोक बुजल्याशिवाय वजन वाढायचं नाही. आणि फुप्फुसांवर दाब वाढतोय. तो हाताबाहेर गेला, तर ऑपरेशनचाही उपयोग नाही."

"हाताबाहेर कधी जाईल?"

"तारीख कुणीच सांगू शकत नाही. म्हणून तर थांबायचं नाही."

मंगळवार ठरला. पण दाखल करायच्या सकाळीच ठमीचं नाक वाहू लागलं. छातीत कफ असताना भूल देणं धोक्याचं, म्हणून तीन आठवड्यांनी बोलावलं. आई वाटभर गप्प होती.

मग बापाने घराला नाकाबंदी केली. शेजारीपाजारी बंद. आजोबा शिंकले, तर त्यांचीही रवानगी आत्याकडे.

तीन आठवड्यांनी ऑपरेशन झालं. पाच तास दोघं बाकावर बसून होते.

"त्या दिवशी परत पाठवलं ना," बाप खाली बघत म्हणाला, "तेव्हा मला सुटल्यासारखं वाटलं होतं."

"मलाही," आई म्हणाली. "म्हणून तर बोलले नाही."

दाब अंदाजापेक्षा जास्तच निघाला. ठमीला चार दिवस श्वासाच्या मशीनवर ठेवावं लागलं. आणखी दोन-तीन महिने गेले असते तर जड गेलं असतं, असं डॉक्टरीणबाईंनी नंतर सांगितलं.

सोळाव्या दिवशी ती घरी आली आणि संध्याकाळी तिने भोकाड पसरलं. असा आवाज आजवर काढला नव्हता. आत्याकडून परतलेले आजोबा धावत आले, "अगं, उचल तिला!"

"रडू द्या थोडं," आई म्हणाली. "दम आलाय आता तिच्यात."