दुसरी पिशवी

ताईने पिशवीवरचा नंबर तीनदा ताडून पाहिला आणि स्वतःच जिना चढून वॉर्डात निघाली. पिशवी पोचवणं हे रक्तपेढीत वीस वर्षं काढलेल्या बाईचं काम नव्हतं. पण पेशंट तिचे बाबा होते. अटॅक येऊन दोन दिवस झाले होते. त्यात पोटातल्या जखमेतून महिनोन्‌महिने रक्त झिरपून हिमोग्लोबिन सातावर आलेलं.

पिशवी चढली आणि आयुष्यभर शिलाई मशीनवर वाकलेले बाबा दुपारी उशीला टेकून बसले.

"कुणाचं रक्त दिलंस गं? सारखं भांडावंसं वाटतंय."

"मग ते तुमचंच असणार," धाकटा भाऊ म्हणाला. दोन दिवसांत आई पहिल्यांदा हसली.

त्या हसण्यानेच घात केला. हिमोग्लोबिन पुन्हा तपासलं तर साडेआठ आलं, आणि ताईला ते पुरेना.

"आठाच्या वर गेलं, आता थांबू या," तरुण डॉक्टर म्हणाला. "हृदय दुबळं आहे. वरून ओतलेलं सगळं त्यालाच ओढावं लागतं."

"अटॅकवाल्याला दहा हवं म्हणणारेही आहेत ना?"

"आहेत. मोठ्या डॉक्टरांचंच एकमत नाही. म्हणून तर म्हणतो, उद्या बघू."

"उद्या कशाला? पिशवीचं मी बघते."

डॉक्टर नवा होता तेव्हापासून तिला वचकून असे. 'रक्त काय नळाला येतं?' म्हणत तिने त्याच्या कितीतरी चिठ्ठ्यांवर दोनाचं एक केलं होतं. लोकांच्या बापांना एक पुरे, हे तिला तोंडपाठ होतं. स्वतःच्या बापाच्या वेळी ती पाठांतर विसरली. डॉक्टरने सही केली.

दुसरी पिशवी अर्धी संपली तेव्हा बाबा म्हणाले, "उशी जरा उंच कर." थोड्या वेळाने पुन्हा तेच म्हणाले. मग बोलेनासे झाले. धाप लागली, छातीतली घरघर दारापर्यंत ऐकू यायला लागली. ताईने नळीचा चाप बंद केला. डॉक्टर धावत आला, इंजेक्शनं झाली, मशीन लावलं. फुफ्फुसांत पाणी भरलं होतं. दिवे लागायच्या आत बाबा गेले.

"रक्तामुळे?" तिने विचारलं.

"सांगता येत नाही," डॉक्टर खाली बघत म्हणाला. "न देताही झालं असतं कदाचित."

तो चार शब्द रागावून बोलला असता तर तिला बरं वाटलं असतं.

बाहेर बाकावर आई बसली होती. भाऊ फोनवर नातेवाइकांना कळवत होता.

"नाही हो, काही कमी पडू दिलं नाही. ताई होती ना! एका दिवसात दोन पिशव्या आणल्या तिने. लोकांना एकेक मिळत नाही."

त्याने फोन ठेवला तशी ताई म्हणाली, "असं सांगू नकोस कुणाला."

"का?"

"दुसरी नको होती रे. डॉक्टर थांबा म्हणत होते. मीच हट्ट धरला."

भावाने तिला जवळ घेतलं आणि पाठीवरून हात फिरवला.

"वेडी का तू? रक्त कधी कुणाला जास्त होतं का?"

तिने तोंड उघडलं. पण आईने डोळे पुसून मान वर केली होती.

"सगळ्यांना सांग," आई भावाला म्हणाली. "पोरीने दोन पिशव्या आणल्या म्हणून सांग."

भावाने पुढचा नंबर लावला.