मेलेल्या बैलाच्या गळ्यावर

मी एक सुरी आहे. सुरीनं कापावं, बोलू नये, हे मला कळतं. पण जे सांगायचं आहे ते सांगणारं दुसरं कुणी उरलेलं नाही, म्हणून मान खाली घालून मीच सांगते.

म्बेरेंग्वाच्या डोंगरात एका मोडक्या लॉरीच्या स्प्रिंगची पट्टी तापवून मला घडवलं. घडवणारा लोहार लेंबा जमातीचा होता, आणि ज्याच्यासाठी घडवलं तो मावेतेराही लेंबाच. मला पाण्यात बुचकळून वर काढताना लोहार म्हणाला होता, "हिला डुकराजवळ नेऊ नकोस, आणि आपणहून मेलेल्या जनावराला लावू नकोस. एवढं सांभाळलंस तर ही तुझ्या नातवालाही पुरेल."

लेंबा सांगतात की त्यांचे पूर्वज फार उत्तरेकडून, समुद्रापलीकडच्या सेना नावाच्या गावातून आले. अब्राहामाच्या वंशातले. येताना सामान बेताचंच होतं, नियम मात्र सगळे आणले. डुक्कर खायचं नाही. रक्त खायचं नाही. मुलग्यांची सुंता करायची. नवा चंद्र दिसला की डोकं भादरायचं. जनावर जिवंत असताना, प्रार्थना म्हणत त्याचा गळा कापायचा आणि शेवटी 'आमीन' म्हणायचं. आपणहून मेलेलं जनावर गिधाडांचं. शेजारच्या कारांगा लोकांना याचं हसू येई. "तुम्ही मांस खाता की नियम खाता?" असं ते विचारत. पण त्यांच्याकडे लग्न असलं आणि पाहुण्यांत चार लेंबा असले, की मावेतेरालाच बोलावणं यायचं.

मावेतेरा उंच, हाडकुळा, कमी बोलणारा माणूस. मला रोज दगडावर घासायचा आणि अंगठ्याच्या नखावरून फिरवून पाहायचा. पात्याला एवढीशी खाच पडलेली आढळली तरी त्या दिवशी काम बंद. त्याची बायको एस्नाथ म्हणायची, "माझ्याकडे कधी इतकं निरखून पाहिलं नाहीत." तो हसायचा. मलाही अभिमान वाटायचा. माझ्याखालून गेलेलं मांस लोक डोळे मिटून खात.

मग दुष्काळ आला. नदीच्या पात्रात बायका हातभर खोल खड्डे करून वाटीवाटीनं पाणी भरत. पोरं रानफळांच्या बिया फोडून खात. गुरं उभ्या उभ्या कोसळत.

मावेतेराच्या भावकीतली एक विधवा होती, न्याशानूची आई. तिचा नवरा मावेतेराला पुतण्या लागायचा, म्हणून तो तिला सूनबाई म्हणे आणि ती त्याला मामंजी. तिला चार मुलं, आणि गोठ्यात शेवटचा एकच बैल. तिनं निरोप पाठवला : "मामंजी, बैल उठेनासा झालाय. उद्या सकाळी या, तो जिवंत असतानाच काम उरका. आठवडाभर तरी पोरांच्या पोटात काही जाईल."

त्याच दिवशी कारांगांच्या मुखियाचंही बोलावणं होतं. त्याच्याकडे मेजवानी होती, दुष्काळातसुद्धा. मावेतेरा आधी तिकडे गेला. तिथं त्याला मानानं बसवलं, बिअरचं मडकं पुढं ठेवलं, आणि एका दिवसाचे दोन झाले. मी त्याच्या कमरेला होते. विधवेचा निरोप त्याच्या लक्षात होता. दोनदा उठायला गेला आणि दोनदा पुन्हा बसला.

तिसऱ्या दिवशी सकाळी आम्ही तिच्या अंगणात पोचलो तेव्हा बैल जमिनीवर आडवा होता. पाय बांधलेले, अंगावर घोंगडी.

"घोंगडी कशाला?" मावेतेरानं विचारलं.

"पहाटे थंडी वाजत होती त्याला," ती खाली बघत म्हणाली. "अशक्त झालाय. हलणार नाही फारसा."

मावेतेरा गुडघ्यांवर बसला. घोंगडीखाली हात घालून त्यानं तळवा बैलाच्या छातीवर ठेवला, आणि बराच वेळ तसाच ठेवला. अंग कोमट होतं, पण आत काही हलत नव्हतं. त्यानं मान वर केली. चारी मुलं भिंतीला टेकून ओळीनं बसली होती आणि त्याच्याकडे न बघता माझ्याकडे बघत होती.

"पाय धरा," तो म्हणाला.

त्यानं प्रार्थना म्हटली, आणि मी कातडीतून आत गेले. जिवंत गळ्यातून रक्त कसं उसळतं ते मला चांगलं ठाऊक होतं. इथं काळपट, दाट असं थोडंसं आलं आणि थांबलं. शेजारी जमले होते. मावेतेरा सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "दुष्काळ आहे बाबांनो. जनावरात रक्त उरलंय कुठं?" कुणीतरी सुस्कारा सोडून होकार भरला. मग मावेतेरा 'आमीन' म्हणाला आणि सगळे 'आमीन' म्हणाले.

सगळ्यांनी खाल्लं. त्यानंही खाल्लं, कारण न खाल्लं असतं तर संशय आला असता.

त्यानंतर घरी त्यानं मांस सोडलं. एस्नाथनं विचारलं तर म्हणाला, दात हलतात. मला मात्र तो पूर्वीपेक्षा जास्त घासू लागला. माझं पातं बोटभर झिजलं. पुढं पाऊस आला, धान्य आलं, त्याचं नाव अजून मोठं झालं. लोक म्हणत, "त्या वर्षी सगळ्यांचे नियम ढिले पडले. मावेतेराचे नाही पडले."

सहा वर्षांनी परदेशातून दोन पाहुणे आले. दाढीवाले, डोक्यावर छोटी टोपी. आपले आणि लेंबांचे पूर्वज एकच असतील का, हे त्यांना जाणून घ्यायचं होतं. लेंबांच्या मंडळाचे चिटणीस झ्विझाई मास्तर आठवडाभर झोपले नव्हते. झाडाखाली चटया अंथरल्या, बायकांनी बाजरीची बिअर आणली, आणि मला फडक्यावर मांडून ठेवलं. पाहुण्यांपैकी थोरल्यानं मला उचललं, नखावरून फिरवलं, अगदी मावेतेरासारखं. दुसऱ्यानं फोटो काढला. मी चमकले. आता आठवलं की तेही नको वाटतं.

पाहुण्यानं विचारलं, "आणि जनावर आपणहून मेलं तर?"

"उपाशी मरू, पण शिवणार नाही," मास्तर म्हणाले. "आमच्याकडे एवढा दुष्काळ पडला, तरी या म्हाताऱ्याच्या हातून मेलेलं जनावर कापलं गेलं नाही. विचारा त्यांना."

मावेतेरा आपल्या पायांकडे बघत म्हणाला, "बापजाद्यांचा नियम आहे."

तेवढ्यात बायकांच्या चटईवरून न्याशानूची आई उठली.

"मास्तर, मला बोलायचंय. त्या दुष्काळात तुम्ही सगळ्यांनी माझ्याकडे जो बैल खाल्लात, तो मेलेला होता. पहाटेच गेला होता. मी त्याच्याजवळ शेकोटी केली, घोंगडी घातली, अंग गरम राहावं म्हणून. मामंजींना फसवलं मी. त्यांचा काही दोष नाही. एवढी पवित्र सुरी मी बाटवली, ते घेऊन मी सहा वर्षं जगतेय. आज यांच्या तोंडून ही स्तुती मला ऐकवेना."

दुभाषा तोंड उघडणार तोच मास्तर दबक्या आवाजात म्हणाले, "हे सांगू नका त्यांना." पाहुणा तिच्याकडे बघून हसला. बाई आशीर्वाद देतेय, असं त्याला वाटलं असावं.

लेंबांचा मुखिया मावेतेराकडे वळला. "तुला कळलं होतं?"

मला वाटलं, आता सांगेल. बाईनं सगळं ओझं स्वतःच्या डोक्यावर घेतलं होतं. त्यानं फक्त एक टोक धरायचं होतं.

"नाही," मावेतेरा म्हणाला.

खोटं का बोलू, त्या क्षणी मलाही सुटल्यासारखं वाटलं. बाटलेली सुरी असण्यापेक्षा फसवली गेलेली सुरी बरी, असं वाटलं. मेलेल्या बैलाची मला इतकी लाज वाटत नाही, जितकी त्या सुटकेची वाटते.

तिनं आणलेलं बिअरचं मडकं कुणी न शिवता परत तिच्या दारात नेऊन ठेवलं. विहिरीवर बायका आपले डबे उचलून बाजूला होत. तिची धाकटी एका घरी पाणी प्यायला गेली, तर भांडं फुटकं आहे असं सांगितलं.

मावेतेरा घरात बसून राहिला. आठव्या दिवशी एस्नाथ त्याच्यापुढे जेवण ठेवत म्हणाली, "दात कधीपासून हलतात तुमचे?"

त्यानं पाण्याचं भांडं जवळ ओढलं.

"मी हिशेब नाही मागत. पण त्या बैलापासून हलतात ना?"

त्यानं ताट सरकवलं. दुसऱ्या दिवशी नव्या चंद्रासाठी सगळे डोकी भादरायला जमले, तेव्हा तो भादरायला बसलाच नाही. उभा राहिला आणि मला मुखियापुढे चटईवर ठेवलं.

"मला ठाऊक होतं," तो म्हणाला. "माझा हात त्याच्या छातीवर होता. आणि तो मेला कारण मी दोन दिवस मेजवानीत बसलो. सूनबाईनं मला फसवलं नाही. ती फसवतेय हे कळूनही मी फसल्यासारखं केलं. आणि त्या दिवशी पाहुण्यांसमोर तुमच्यापुढं 'नाही' म्हणालो, तेव्हा तर पोरंही उपाशी नव्हती."

मास्तरांनी चेहरा हातांत झाकला. मुखियानं माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाला, "आजपासून तुझ्या हातचं कुणी खाणार नाही. ही सुरी इथून उचल."

मावेतेरा मला घेऊन थेट विधवेच्या अंगणात गेला. ती शेंगा सोलत होती. बातमी तिच्यापर्यंत आधीच पोचली होती.

"सूनबाई, चुकलो मी," तो म्हणाला.

तिनं हात थांबवला नाही. "आठ दिवस, मामंजी. माझ्या पोरीला आठ दिवस कुणी पाणी दिलं नाही. तुमचं घर इथून चाळीस पावलांवर आहे."

तो उभाच राहिला. शेवटी ती म्हणाली, "सुरी ठेवून जा. भोपळा चिरायला होईल."

त्यानंतर मावेतेरा अकरा वर्षं जगला. विहिरीवरचे डबे हळूहळू पुन्हा एकत्र लागले. तो कधीकधी तिच्या कुंपणाशी यायचा, सरपणाची मोळी टाकून जायचा. पाच वर्षं तिनं त्याला आत बोलावलं नाही. सहाव्या वर्षी एकदा म्हणाली, "उन्हात काय उभे आहात?" आणि त्याच्यापुढे मक्याच्या पिठाचा साडझा आणि भोपळ्याच्या पानांची भाजी ठेवली. पानं मीच चिरली होती. तो मान वर न करता जेवला, ताट स्वच्छ केलं.

तो गेला तेव्हा त्याच्या क्रियेचा बैल दुसऱ्याच सुरीनं कापला, आणि ते योग्यच झालं.

आता न्याशानूची आईही राहिली नाही. मी तिच्या धाकटीच्या चुलीपाशी असते. माझी मूठ सैल झालीय, पात्यावर गंज आहे. अधूनमधून कुणीतरी येऊन विचारतं, जुन्या नियमांची काही खूण आहे का तुमच्याकडे. धाकटी मला दाखवत नाही. तुम्ही आलात तर एवढंच करा : मला हातात घेऊन कौतुक करू नका. भाजी चिरायची असेल तर बसा. ती तुम्हाला आधी पाणी विचारेल. तेवढं नाही म्हणू नका.