शेठच्या शेपटीच्या पेशी

शेठ म्हणजे एक मासा. लालसर, पोट सुटलेला, आणि काचेवर टकटक केली की वर येऊन तोंडाची उघडझाप करणारा. त्याला ठमीच्या बाबांनी पाळलं होतं आणि नावही त्यांनीच ठेवलं होतं. "बघ, कसा गल्ल्यावर बसल्यासारखा बसलाय," ते म्हणायचे. ठमीचं खरं नाव शाळेच्या दाखल्यावर होतं. पुढे ती प्रयोगशाळेची प्रमुख झाली, चष्म्याचा नंबर वाढला, पण घरच्यांच्या तोंडी ती ठमीच राहिली.

आत्या बाबांची धाकटी बहीण. तिचं सगळं आयुष्य त्याच प्रयोगशाळेत गेलं होतं. ठमी शाळेत असताना आत्याने शेठच्या शेपटीच्या कडेचा नखाएवढाही नसेल असा तुकडा कापून नेला. शेपूट पुन्हा भरून आली. तुकड्यातल्या पेशी मात्र फ्लास्कच्या तळाला चिकटून वाढू लागल्या. बाबा एकदा ठमीला घेऊन त्या पाहायला गेले. एक डोळा हाताने झाकून, दुसरा मायक्रोस्कोपला लावून ते बराच वेळ वाकून उभे राहिले.

"यात शेठ कुठाय गं?"

"हा सगळा शेठच आहे, दादा."

"तोंड नाही, पोट नाही. मग खातो कसा?"

"प्रत्येक पेशीला स्वतःचं पातळ कातडं असतं. आत काय घ्यायचं आणि बाहेर काय टाकायचं, ते त्या कातड्यावरच ठरतं."

"मग तुझ्या वहिनीपेक्षा शहाण्या म्हणायच्या. तिच्याकडून आजवर काही बाहेर टाकलं गेलं नाही." घरी जाऊन हे आईला सांगायचं नाही, असं त्यांनी ठमीला वाटेत बजावलं. ठमीने चप्पल काढायच्या आधी सांगितलं.

पुढे शेठ म्हातारा होऊन गेला. गेल्या वर्षी बाबा गेले. माशांची काचेची पेटी आईने शेजाऱ्यांना देऊन टाकली. भिंतीवर पेटीमागचा रंग तेवढा गडद राहिला.

आणि आता प्रयोगशाळेतली द्रव नायट्रोजनची जुनी टाकी मोडीत काढायची होती. नवीत जागा कमी, म्हणून ज्यांचं काम नाही त्या गोठवलेल्या पेशी टाकून द्यायचं ठरलं. टाकी उपसताना तळातून आत्याच्या अक्षरातली एक कुपी निघाली. शेठच्या पेशींची तेवढी एकच उरली होती.

"उठव त्यांना," आत्या फोनवर म्हणाली. "एकदा बघू दे."

गोठवायचं सावकाश आणि उठवायचं झटपट, हे ठमीला आत्यानेच शिकवलं होतं. सकाळी तिने कुपी कोमट पाण्यात हलवत वितळवली, पेशी फ्लास्कमध्ये सोडल्या, वर खाद्य घातलं. पेशी जिवंत असली तर तळाला बसते, धरून ठेवते, मग अंग पसरते. मेलेली गोल होऊन तरंगत राहते. त्या बसेपर्यंत फ्लास्क हलवायचा नसतो. ठमीने तो कपाटात ठेवला आणि ती बैठकीला गेली.

दुपारी आत्याचा फोन आला. "बसल्या का?"

"अजून पाहिलं नाही. सारखं डोकावू नये, असं तूच म्हणतेस ना?"

"बरोबर. टेबलावर ऊन येत असेल तर पडदा तेवढा ओढ."

"टेबलावर?"

"मग कुठे ठेवल्यास?"

ठमी फोन कानाला तसाच धरून उठली. ती रोज माणसाच्या पेशी वाढवायची. माणसाच्या अंगाइतकं गरम राहणारं ते कपाट. सकाळी हात आपसूक तिकडेच गेला होता. शेठला घरातल्या खोलीची ऊब पुरायची. त्याच्या पेशींना हे कपाट म्हणजे भट्टीच. तिने फ्लास्क काढून मायक्रोस्कोपखाली धरला. मोहरीसारखे गोल दाणे, दिसले तेवढे सगळे तरंगत होते.

"आत्या, गरम कपाटात ठेवल्या मी."

आत्याने चार शब्द सुनावले असते तर बरं, असं ठमीला वाटलं.

"शेवटच्या होत्या गं," ठमीच म्हणाली. "बाबांच्या शेठच्या."

"माहितीये मला. रडायचं ते नंतर रड. तरंगणाऱ्या काढून टाक, ताजं खाद्य घाल, टेबलावर ठेव. आणि मी येईपर्यंत हात लावू नकोस. तुझा काही नेम नाही."

आत्या आठवड्याच्या शेवटी आली. स्टुलावर बसून तिने फ्लास्क भिंगाखाली इंचाइंचाने सरकवायला घेतला. ठमी हात मागे बांधून उभी होती.

"शुकशुकाट आहे," आत्या म्हणाली. पुन्हा थोड्या वेळाने, "इथेही कोणी नाही."

मग एका कोपऱ्यात तिचा हात थांबला. ती बाजूला सरकली.

ठमीने डोळा लावला. मूठभर पेशी पाय पसरून बसल्या होत्या. त्यांच्या पारदर्शक कडा हलकेच फडफडत होत्या. प्रत्येकीत मधोमध केंद्रक, आणि त्याच्याभोवती अन्नातून ऊर्जा काढणाऱ्या तंतुकणिका बारीक दोऱ्यांसारख्या वळवळत होत्या. त्यातली एक पेशी मात्र अंग आखडून गोल झाली होती.

"ही एक चाललीच बघ."

"घाबरलीस की तुझी अक्कल चरायला जाते. तिच्या मधे काय दिसतंय?"

मधे एक गडद पट्टी होती. गुणसूत्रं रांगेत येऊन उभी राहिली होती.

"दुभागतेय," ठमी हळूच म्हणाली.

"वेळ लागेल. माशाच्या पेशींचं सगळं निवांत असतं. खुर्ची ओढ."

दोघी आळीपाळीने बघत राहिल्या. पट्टीच्या दोन पट्ट्या झाल्या, त्या दोन टोकांना सरकल्या.

"शेपूट कापली त्या दिवशी दादा माझ्याशी बोलला नाही," आत्या म्हणाली. "पेटीसमोर बसून शेठला पेपर वाचून दाखवत होता. बाजारभाव. म्हणे, दुखणं विसरायला त्याला तेवढंच उपयोगी."

हे ठमीने कधी ऐकलं नव्हतं. ती भिंगावरून डोळा न काढता हसली. पेशीची कंबर बारीक होत चालली होती.

"ये लवकर, आता तुटेल."

"बघ तूच. मी पुष्कळ पाहिलंय."

शेवटी मधे केसाएवढा धागा उरला. तोही तुटला, आणि दोन्ही बाजूंनी एकेक पाय बाहेर आला.

"झाल्या दोन?" आत्याने विचारलं.

"झाल्या."